ट्यून केलेल्या पिकअपने ट्रेलर ओढताना गिअर बिनसतात तेव्हा: तपासणी आणि दुरुस्ती, पायरीपायरीने

रिकामी गाडी लोण्यासारखी पळते. मागे तीन-चार टनांचा ट्रेलर लावला की मात्र चढावर गिअर उशिरा पडतो, आरपीएम उगाच उसळतो, पाचवा-सहावा-पाचवा असा खेळ सुरू होतो आणि ऑइलचं तापमान चढत जातं. ट्यून केलेल्या, म्हणजे संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवलेल्या, डिझेल पिकअपची ही नेहमीची तक्रार आहे. ती ऐकून बरेच जण थेट गिअरबॉक्स उतरवायची तयारी करतात. एवढी घाई करू नका. अशा पुष्कळ गाड्यांमध्ये गिअरबॉक्स सुरुवातीला धडधाकट असतो, त्याला फक्त इंजिनाच्या ताकदीचा चुकीचा आकडा मिळत असतो. तो आकडा न सुधारता नवीन क्लच प्लेट घातल्या, तर त्याही तशाच जळतात.

म्हणून या लेखातला क्रम मोडू नका. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, मग ट्यून, आणि पाना हातात घेणं सगळ्यात शेवटी.

चुकीचा आकडा म्हणजे काय

आताच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाची ताकद स्वतः मोजत नाही. इंजिनाचा संगणक त्याला सतत कळवत असतो की आत्ता इतका टॉर्क (फिरवण्याची ताकद) तयार होतोय आणि चालकाने इतका मागितलाय. त्या आकड्यावरून गिअरबॉक्स तीन गोष्टी ठरवतो: क्लच प्लेट दाबून धरायला ऑइलचा दाब किती ठेवायचा, गिअर किती जलद बदलायचा, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचा) लॉकअप, म्हणजे दोन्हींना थेट जखडणारा क्लच, कधी लावायचा.

रेल प्रेशरच्या (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरमध्ये मधेच अडकवायचा डबा इंजिनाच्या संगणकाला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो. संगणक तेवढ्याच हिशोबाने इंजेक्टर उघडा ठेवतो, आत मात्र जास्त डिझेल जातं. समजा खरा टॉर्क १,०५० न्यूटन मीटर झाला, तरी गिअरबॉक्सला निरोप ७५० चाच जातो. गिअरबॉक्स ७५० ला पुरेल एवढाच दाब ठेवतो आणि वरच्या ३०० पायी प्लेट घसरतात. रिकाम्या गाडीत हा प्रकार क्षणभर टिकतो, म्हणून जाणवत नाही. ट्रेलर घेऊन लांब चढ चढताना तो मिनिटानुमिनिटं चालू राहतो.

संगणकात थेट भरलेल्या ट्यूनमध्येही हा घोळ होतो. डिझेलचे तक्ते वाढवले आणि टॉर्कचे तक्ते जुनेच ठेवले, की निरोप कमीचाच जातो. उलटही घडतं. टॉर्कचा आकडा सरसकट फुगवला की गिअरबॉक्स कायम भरपूर दाब धरतो, मग हलक्या ॲक्सिलरेटरवरसुद्धा गिअर धाडकन पडतात.

क्रायस्लरच्या ४७आरई सारख्या जुन्या गिअरबॉक्समध्ये हे काम ॲक्सिलरेटरला जोडलेली थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल करते. तिला दिसतं ते फक्त थ्रॉटल किती उघडलं एवढंच. ट्यूनमुळे तेवढ्याच उघडण्यात ताकद वाढली, तरी दाब जुन्या हिशोबाने राहतो.

आधी लक्षणाला नाव द्या

“गिअर नीट पडत नाहीत” एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. नेमकं काय होतंय ते वेगळं करा.

गिअर बदलताना मधेच आरपीएम २००-३०० ने उसळून मग खाली येतो: एक क्लच सुटला आणि दुसरा वेळेत पकडला नाही. दाब कमी आहे, प्लेट झिजल्यात किंवा बदलाच्या क्षणी इंजिनाने ताकद कमी केली नाही.

गिअर पडून गेलाय, वेग तोच आहे, तरी चढावर आरपीएम हळूहळू वर सरकतो: हे घसरणं आहे. कन्व्हर्टरचा लॉकअप घसरतोय की गिअरची प्लेट, हे पायरी ५ मध्ये कळेल.

रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर, बहुधा ६० ते ९० किलोमीटरच्या वेगात, हलक्या ते मध्यम ॲक्सिलरेटरवर: लॉकअपवर संशय घ्या. खात्री करणं सोपं आहे. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेक दिवा लागेल इतकाच. लॉकअप सुटतो, आरपीएम थोडा चढतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर दोष लॉकअपकडे. थांबली नाही तर इंजेक्टर, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट किंवा टायर बघा.

दोन गिअरमध्ये सारखी ये-जा: ही बहुतेक वेळा बिघाडाची खूण नसते. गिअर बदलाचे तक्ते, टायरचा आकार आणि वजन यांचं गणित बिघडलेलं असतं.

अचानक एकाच गिअरवर अडकणं आणि इंजिनाचा दिवा लागणं: संगणकाने घसरण पकडली आणि स्वतःला वाचवलं. बंद-चालू करून पुढे निघण्याआधी कोड वाचून लिहून ठेवा. पी०७०० हा कोड फक्त “गिअरबॉक्सच्या संगणकात काहीतरी नोंदलंय” एवढंच सांगतो, खरा कोड त्याच्या मागे असतो. पी०७३० ते पी०७३६ म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी०७४१ म्हणजे लॉकअप पकडत नाही, पी०८६८ म्हणजे ऑइलचा दाब कमी, पी०२१८ म्हणजे ऑइल फार तापलं.

लागणारं सामान

गिअरबॉक्सचा चालू डेटा दाखवणारा आणि साठवणारा स्कॅनर (नुसता कोड वाचणारा चालणार नाही), मल्टीमीटर, ३०० पीएसआयपर्यंतचा प्रेशर गेज लांब होजसकट, टॉर्क रेंच, चाकांना लावायची ओट, जॅक स्टँड, ऑइल मोजून काढायला खुणा असलेलं भांडं. शिवाय गाडीची मूळ ट्यून फाइल. ती जपून ठेवली नसेल तर आधी ट्यूनरकडून मिळवा, तिच्याशिवाय चौथी पायरी अडेल.

पायरी १: गाडी आणि ट्रेलर

वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर एकत्र तोलून घ्या. ट्यूनने इंजिनाची ताकद वाढते. गाडीची ओढायची अधिकृत मर्यादा, ब्रेक, ॲक्सल आणि कूलर आहेत तेवढेच राहतात. ट्रेलरचा हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतो त्या आकड्यावर) येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. ट्रेलरचे ब्रेक घासत नाहीत ना ते पाहायला थोडं अंतर चालवून प्रत्येक चाकाचा हब हाताच्या मागच्या बाजूने लांबूनच जाणवून घ्या. एक हब बाकीच्यांपेक्षा खूपच गरम असेल तर ब्रेक अडकलाय आणि गिअरबॉक्स विनाकारण जास्त वजन ओढतोय.

टायरचं गणित मात्र नीट करा, कारण इथे बऱ्याच तक्रारी जागीच संपतात. २६५/७०आर१७ टायरचा व्यास साधारण ३१.६ इंच. त्याजागी ३५ इंची टायर टाकले तर ३.७३ गिअर प्रमाणाचा (रेशोचा) ॲक्सल प्रत्यक्षात ३.३७ सारखा वागतो. म्हणजे प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्के उंच झाला. सहाव्यात इंजिन गुदमरतं, पाचव्यात पळतं, आणि गाडी दोन्हींमध्ये फिरत राहते. नवीन टायरचा आकार संगणकात भरा. वजन कायम जड असेल तर ४.१० किंवा त्याच्या आसपासचा ॲक्सल रेशो हा खरा उपाय आहे. ट्यूनच्या जोरावर चुकीचा रेशो झाकता येत नाही.

पायरी २: ऑइल

ऑइल गरम असताना, गाडी सपाटीवर आणि इंजिन चालू ठेवून पातळी बघा. पार्कमध्ये बघायची की न्यूट्रलमध्ये, हे गिअरबॉक्सवर ठरतं. ४७आरई आणि ४८आरई न्यूट्रलमध्ये बघतात. थंड ऑइलवर बघून भरणारे हमखास जास्त भरतात. जास्त झालेलं ऑइल फिरत्या भागांना लागून फेसाळतं आणि फेसाला दाब धरता येत नाही. कमी असलं तर चढावर पंप हवा ओढतो. दोन्हींचा परिणाम सारखाच, घसरण.

काडीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर किंवा फिकट तपकिरी ठीक. गडद आणि जळका वास येत असेल तर प्लेट भाजल्यात. दुधाळ गुलाबी दिसला तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी मिसळतंय, अशी गाडी पुढे चालवूच नका.

ऑइलचा प्रकार बदलून प्रयोग करू नका. क्रायस्लरच्याच ६८आरएफई गिअरबॉक्सला एटीएफ+४, ॲलिसन १००० ला डेक्स्रॉन ६ किंवा टीईएस-२९५ मान्यतेचं ऑइल, फोर्डच्या ६आर१४० ला मर्कॉन एलव्ही. लॉकअपची थरथर ऑइलच्या घर्षणाच्या गुणधर्माशी थेट जोडलेली असते, त्यामुळे चुकीच्या ऑइलने चांगला कन्व्हर्टरही थरथरतो.

पॅनमधलं तापमान ट्रेलर ओढताना ७५ ते ९५ अंश सेल्सिअस असेल तर निर्धास्त राहा. १०५ च्या वर गेलं की वेग कमी करा आणि खालच्या गिअरवर या. १२० ला पोचलं तर सुरक्षित जागी थांबा. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. हँडब्रेक आणि चाकाखाली ओट लावून, न्यूट्रलमध्ये १,२०० च्या आसपास आरपीएम ठेवा, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहील. ४७आरई आणि ४८आरई मध्ये पार्कला ठेवलं तर कूलरकडे ऑइल जातच नाही, त्यामुळे त्यांना न्यूट्रलच हवा.

पायरी ३: वीज

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. लॉकअप सारखा लागत-सुटत असेल, विशेषतः ४७आरई आणि ४८आरई वर, तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी अल्टरनेटर तपासा. त्याचा एखादा डायोड गेला की बॅटरीच्या विजेत एसी लहर मिसळते. ॲक्सिलरेटरच्या सेन्सरचा सिग्नल त्यामुळे थरथरतो आणि संगणकाला वाटतं की चालक पाय सारखा हलवतोय.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. अल्टरनेटरच्या जाड आउटपुट टोकावर एक प्रोब आणि बॅटरीच्या ऋण टोकावर दुसरी. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. ०.५ च्या पुढे गेलं तर अल्टरनेटर बदला किंवा डायोड बसवून घ्या.

मग अर्थिंग. डीसी व्होल्टवर, इंजिन चालू आणि लोड लावलेला असताना, बॅटरीचं ऋण टोक ते इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टोक ते चासी असा फरक मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर बोल्ट सोडून, पितळी ब्रशने घासून परत आवळा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही स्वतंत्र तपासा. शेवटी गिअरबॉक्सचा मुख्य कनेक्टर काढून बघा. आत ऑइल झिरपलं असेल किंवा पिना हिरव्या पडल्या असतील तर दोष सापडला. ॲलिसनच्या बाहेरच्या बाजूला बसलेल्या गिअर-स्थितीच्या स्विचमध्ये पाणी आणि चिखल जातो, त्याचा कनेक्टर मुद्दाम उघडून बघा.

पायरी ४: मूळ ट्यूनवर तोच चढ

सगळ्या लेखातली सगळ्यात मोलाची चाचणी हीच. मूळ ट्यून भरा, मधले सगळे डबे काढा, ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद वाढवणारं यंत्र असेल तर तेही. मग तोच ट्रेलर, तेच वजन, तोच चढ, तोच वेग.

लक्षण नाहीसं झालं तर प्लेट अजून शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे आणि दोष ट्यूनमध्ये आहे. कमी झालं पण राहिलं, तर ट्यूनने प्लेट किंवा लॉकअपला इजा केलेली आहे, ट्यून सुधारून फक्त वेळ मिळेल. काहीच फरक पडला नाही तर यांत्रिक किंवा विजेचा दोष आहे, ट्यूनरला दोष देऊ नका.

पायरी ५: डेटा साठवा आणि भागाकार करा

परत ट्यून भरून, ट्रेलरसकट चढावर डेटा नोंदवा. स्कॅनर दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. हव्या असलेल्या ओळी: इंजिन आरपीएम, टर्बाइन म्हणजे इनपुट शाफ्टचा आरपीएम, आउटपुट शाफ्टचा आरपीएम, मागितलेला गिअर, लॉकअपची स्थिती, ॲक्सिलरेटरची टक्केवारी, संगणकाने कळवलेला टॉर्क, मागितलेला आणि प्रत्यक्ष ऑइल दाब, ऑइल तापमान. ओळी फार वाढवल्या तर नोंदीचा वेग मंदावतो आणि अर्ध्या सेकंदाची उसळी निसटते, म्हणून एवढ्याच घ्या.

आता दोन हिशोब करा. पहिला: इंजिन आरपीएम वजा टर्बाइन आरपीएम. लॉकअप पूर्ण लागलेला असताना हा फरक जवळजवळ शून्य हवा. चढावर स्थिर लोडवर तो ५० च्या पुढे राहत असेल तर लॉकअप घसरतोय. काही गिअरबॉक्स हलक्या लोडवर मुद्दाम थोडी घसरण ठेवतात, म्हणून निर्णय पूर्ण लॉकची आज्ञा असतानाच घ्या.

दुसरा: टर्बाइन आरपीएम भागिले आउटपुट आरपीएम. उत्तर त्या गिअरच्या प्रमाणाएवढं यायला हवं. सहा गिअरच्या ॲलिसन १००० मध्ये ही प्रमाणं ३.१०, १.८१, १.४१, १.००, ०.७१ आणि ०.६१ आहेत. ६८आरएफई मध्ये ३.२३, १.८४, १.४१, १.००, ०.८२ आणि ०.६२५.

समजा ॲलिसन पाचव्यात आहे, आउटपुट २,६७६, टर्बाइन १,९००, इंजिन २,०५०. टर्बाइन भागिले आउटपुट बरोबर ०.७१ येतं, म्हणजे गिअरच्या प्लेट घट्ट आहेत. इंजिन मात्र टर्बाइनपेक्षा १५० ने पुढे आहे, तेव्हा घसरण लॉकअपची. आता त्याच आउटपुटवर इंजिन आणि टर्बाइन दोन्ही २,०५० दिसले, तर भागाकार ०.७६६ होतो. लॉकअप ठीक, गिअरची प्लेट घसरतेय. दोन्ही वेळा चालकाला जाणवतं ते एकच, आरपीएम चढला. दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी.

पायरी ६: दाब

६८आरएफई मध्ये दाबाचा सेन्सर असल्याने मागितलेला आणि प्रत्यक्ष असे दोन्ही आकडे स्कॅनरवर मिळतात. बाकी ठिकाणी गिअरबॉक्सवरच्या चाचणी छिद्रात गेज लावा. होज एक्झॉस्टपासून आणि प्रोपेलर शाफ्टपासून दूर बांधा. फुटला तर गरम ऑइल एक्झॉस्टवर पडून आग लागू शकते.

घसरण चालू असतानाचा दाब बघा. मागितलेला दाबच कमी असेल तर दोष ट्यूनचा, संगणकाला लोड कळलेलाच नाही. मागणी जास्त आणि प्रत्यक्ष कमी असेल तर फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय, प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलच्या वाटा वळवणाऱ्या भागात) एका वाटेचं ऑइल दुसऱ्या वाटेत गळतंय. दोन्ही आकडे जुळतात आणि तरी घसरतं, तर प्लेट संपल्यात.

ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन स्टॉल टेस्ट करायचा सल्ला मिळेल. ट्यून केलेल्या डिझेलवर ती करू नका. सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑइलची उष्णता बनते आणि काही सेकंदांत नुकसान होतं. डेटावरून तीच माहिती सुरक्षितपणे मिळते.

पायरी ७: ट्यूनमध्ये काय बदलून घ्यायचं

ट्यूनरला “गिअर घसरतो” असं सांगू नका. पाचव्या पायरीची नोंद पाठवा आणि या गोष्टी मागा.

टॉर्कचा निरोप खरा करा. डिझेलच्या तक्त्यांइतकेच टॉर्कचे तक्ते सुधारलेले हवेत. सेन्सरमध्ये अडकवायच्या डब्यात हे करताच येत नाही, त्यामुळे नियमित ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर तसला डबा नकोच.

गिअर बदलाच्या क्षणी इंजिनाने ताकद कमी करणं परत चालू करा. वेगाच्या हौशीसाठी काही ट्यूनमध्ये ते बंद करतात. रिकाम्या गाडीत त्याने गिअर चटकन पडल्यासारखा वाटतो, ट्रेलर मागे असताना प्रत्येक बदलात पूर्ण टॉर्क अर्धवट पकडलेल्या प्लेटवर येतो.

कमी आरपीएमवरचा टॉर्क कमी करून घ्या. बहुतेक गिअरबॉक्स इथे मरतात. १,२००-१,४०० आरपीएम, वरचा गिअर, लॉकअप लागलेला आणि ट्यूनमुळे टर्बो लवकर भरलेला: लॉकअपच्या प्लेटवर सगळ्यात मोठा झटका याच वेळी येतो. ओढण्याच्या ट्यूनमध्ये १,५०० च्या खाली डिझेल मर्यादित असावं आणि पुढे ते हळूहळू वाढावं. एकदम नाही.

लॉकअपची वेळ बदला. मायलेजसाठी तो फार लवकर लावलेला असतो. जड लोडवर थोडा उशिरा लागला तरी चालेल, पण लागल्यावर गिअर बदलेपर्यंत सुटता कामा नये. सुटलेल्या कन्व्हर्टरवर लांब चढ म्हणजे ऑइल उकळायची सोय.

वर-खाली बदलाच्या वेगांत अंतर ठेवा. एकाच ॲक्सिलरेटरवर सहावा ९५ ला पडत असेल आणि पाचवा ९० ला परत येत असेल, तर गाडी चढावर दोन्हींत नाचणारच. हे अंतर १५ किलोमीटरच्या आसपास न्या. पेडलचा नकाशा फुगवलेला असेल तर तोही मूळचा करा. ४० टक्के पेडलला ७० टक्क्यांची मागणी जात असेल तर गिअरचे तक्ते कितीही सुधारले तरी बिघडतच राहतात.

जुन्या ४७आरई वर हे सगळं केबलकडे येतं. थ्रॉटलचा लिव्हर हलू लागताच केबलही हलली पाहिजे, मधे ढिलाई नको. पूर्ण थ्रॉटलला केबल ताणून अडकत नाही हेही बघा.

हे सगळं करताना एक्झॉस्टवरची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढायला लावणारी ट्यून घेऊ नका. ती बेकायदा ठरते आणि गिअरच्या तक्रारीत तिचा काडीचाही उपयोग नाही.

पायरी ८: शिकलेलं पुसा, परत शिकवा

गिअरबॉक्सचा संगणक प्रत्येक क्लच भरायला किती ऑइल लागतं ते शिकत असतो. चुकीच्या ट्यूनवर शिकलेलं चांगल्या ट्यूनला मारक ठरतं, म्हणून ट्यून बदलली की ते पुसायचं. नव्याने शिकवण्याची स्कॅनरवरची आज्ञा ॲलिसनमध्ये फास्ट लर्न, तर ६८आरएफई मध्ये क्विक लर्न. दोन्ही वेळा ऑइल सांगितलेल्या तापमानात हवं, गाडी हँडब्रेक आणि ओट लावून उभी हवी.

नंतरची शिकवणी ट्रेलरशिवाय. हलक्या आणि मध्यम ॲक्सिलरेटरवर पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत सावकाश जा, सावकाश थांबा, असं वीसेक वेळा. पहिले काही बदल खडबडीत असतील. लगेच ट्रेलर लावून पळवलीत तर संगणक परत वाकडं शिकतो.

पायरी ९: फिल्टर, पॅन, कूलर

पॅन उतरवल्यावर सगळं ऑइल निघत नाही, कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच उरतं. निघालेलं मोजा आणि आधी तेवढंच भरा, मग गरम करून पातळी जुळवा. ६८आरएफई मध्ये पॅनच्या आत दोन फिल्टर आहेत, एक चपटा आणि एक गोल आटे असलेला. दोन्ही बदला. ॲलिसनचा बाहेरचा गोल फिल्टर काढताना त्याच्याबरोबर येणारं गोल लोहचुंबक नवीन फिल्टरवर चढवायला विसरू नका, जुन्या फिल्टरसोबत ते हमखास कचऱ्यात जातं.

पॅनमधलं चुंबक बोटाने पुसून बघा. राखाडी, मऊ, पिठासारखा लेप सामान्य आहे. बोटाला टोचणारे चमकदार तुकडे, काळी खरखरीत चुरी किंवा सोनेरी चकाकी दिसली तर पॅन परत बसवून गाडी रस्त्यावर नेण्यात अर्थ नाही. सोनेरी म्हणजे बुश, काळी म्हणजे प्लेटचं अस्तर.

कूलरसाठी नळ्यांसारख्या रचनेपेक्षा थरांच्या पट्ट्यांचा मोठा कूलर घ्या. त्याच्यासमोर हवा अडवणारी दुसरी वस्तू बसवू नका. ६८आरएफई च्या कूलर नळीत तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. तो बंदच अडकला तर ऑइल कूलरपर्यंत पोचत नाही आणि नवीन कूलर नुसता शोभेला राहतो. गरम झाल्यावर कूलरच्या दोन्ही नळ्या गरम लागतात का ते बघा.

पायरी १०: उघडायचंच असेल तर

फक्त लॉकअप घसरत असेल आणि ऑइल स्वच्छ असेल तर एकापेक्षा जास्त घर्षण प्लेटचा कन्व्हर्टर बसवा. त्याचा स्टॉल स्पीड (गाडी रोखून धरली असताना इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो) फार वर नेऊ नका. ओढण्यासाठी मूळच्या जवळचा किंवा थोडा कमीच बरा, म्हणजे लॉक नसतानाही उष्णता कमी होते. मागितलेला दाब मिळत नसेल तर व्हॉल्व्ह बॉडी उतरवून तिचे पृष्ठभाग सपाट आहेत का ते सरळपट्टी आणि फीलर गेजने बघा, रेग्युलेटर व्हॉल्व्हचं छिद्र झिजलंय का तेही. ६८आरएफई मध्ये वरच्या गिअरांच्या क्लच पॅकवर खास नजर ठेवा, ट्यून केलेल्या गाडीत पहिलं दुखणं तिथेच येतं.

प्लेट जळल्या असतील तर फक्त प्लेट बदलून भागत नाही. कन्व्हर्टर बदला, कूलर आणि नळ्या धुऊन घ्या किंवा बदला. जुन्या कूलरमध्ये अडकलेली चुरी नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) अडकवते, आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

दुरुस्तीनंतरची चाचणी

आधी अर्धा भार, मग पूर्ण. टो/हॉल (ट्रेलर ओढण्याचा) मोड चालू ठेवा. चढ सुरू होण्याआधीच हाताने एक गिअर खाली या आणि इंजिन १,८०० ते २,२०० आरपीएममध्ये ठेवा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला टेकवून गाडी रेटू नका. उताराला एक्झॉस्ट ब्रेक लावताना लॉकअप लागलेला राहतो का हे डेटात बघा, सुटत असेल तर ब्रेकची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही.

पाचव्या पायरीतल्या ओळी त्याच चढावर परत नोंदवा. लॉकअपचा फरक ५० च्या आत, भागाकार गिअरच्या प्रमाणाला चिकटलेला, बदलाच्या वेळी उसळी नाही, चढाच्या माथ्यावर ऑइल १०० अंशांच्या आत. हे चारही जुळले तर ट्रेलर घेऊन जायला हरकत नाही. साधारण ८०० किलोमीटर ओढल्यावर पातळी, रंग आणि डेटा पुन्हा एकदा तपासा. या वेळच्या नोंदीची फाइल ट्यूनच्या नावानिशी जपून ठेवा, पुढच्या वेळी तक्रार आली तर तुलनेला तीच लागेल.